कृष्णकमळ फुलत नाही, काकडी धरत नाही: एका मांडवावरच्या दोन वेलांविषयी

प्रश्न सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका ताईंचा आहे. घरापुढे थोडी मोकळी जागा, फाटकाशेजारी तारेचा छोटा मांडव. त्यावर कृष्णकमळ चढवून दोन वर्षं झाली. पानांनी मांडव झाकून गेला, फूल मात्र एकही नाही. त्याच्याच बुडाशी यंदा काकडी टोकली आणि वेल त्याच मांडवावर सोडले. पिवळी फुलं भरपूर येतात आणि गळून जातात. चार-दोन काकड्या धरल्या त्याही वाकड्या, देठाकडे कडू. एका व्हिडिओत बघून नर फुलं खुडायला सुरुवात केली, तर होती ती काकडीसुद्धा धरायची थांबली. दोन्ही वेलांना दर महिन्याला घमेलंभर शेणखत आणि मूठभर युरिया, पाणी बोअरचं. काय चुकतंय, कृष्णकमळाला फळ येतं का, आणि दोन्ही एकाच मांडवावर चालतील का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, गडबड 'दोन्हींना सारखंच' इथं आहे. दोघेही तणाव्यांनी, म्हणजे आधाराला विळखा घालणाऱ्या तंतूंनी, चढणारे वेल, दोघांनाही ऊन आणि आधार लागतो, म्हणून बघणाऱ्याला एकाच घरचे वाटतात. प्रत्यक्षात एकाला उपाशी ठेवलं तर तो फुलतो आणि दुसरीची एक वेळची भूक मारली तर ती रुसते. कृष्णकमळ हा वर्षानुवर्षं जगणारा, कणखर वेल आहे. काकडीचा सगळा संसार तीन महिन्यांचा. तेवढ्यात तिला उगवायचं, फुलायचं, फळायचं आणि मरायचं असतं, त्यामुळे तिला वाट बघायला सवड नाही.

आधी कृष्णकमळ. तुमच्या वेलाला आजार काहीही नाही, तो खाऊनपिऊन माजलाय. द्राक्षबागेत वेल माजला म्हणजे काय होतं हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको: काडी जाड होते, पेरं लांबतात, पान तळहातापेक्षा मोठं होतं आणि घड सापडत नाही. इथंही तेच झालंय. युरिया आजपासून बंद. शेणखत वर्षातून दोनदा, तेही ओंजळभर, एकदा छाटणीनंतर आणि एकदा पावसाळा संपताना. अंगणातली माती काळी आणि भारी असेल तर तिच्यात मुळातच ओल धरायची ताकद असते, त्यामुळे पाणीही तोडायला हवं. वरची दोन बोटं माती कोरडी पडल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. पालाश, म्हणजे पोटॅश, मात्र लागतं. बागायतदारांकडे शून्य शून्य पन्नास हे पालाशाचं विरघळणारं खत असतंच, त्यातलं लिटरला २ ग्रॅम विरघळवून पंधरा दिवसांनी पानांवर एक फवारा पुरे. ते नसेल तर चुलीतली लाकडाची राख चमचाभर बुडात टाका, पण राख दर आठवड्याला टाकत सुटू नका. आपल्या मातीचा सामू (पीएच) आधीच चढा असतो, राखेनं तो आणखी चढतो आणि पानं पिवळी पडायला लागतात.

दुसरं, छाटणी. कृष्णकमळाचं फूल नव्या फुटीवर येतं, जुन्या काडीवर नाही. दोन वर्षं कात्री न लावलेल्या वेलाची नवी फूट वरच्या वर, मांडवाच्या टोकाला, एकमेकींच्या सावलीत गुदमरलेली असते. जानेवारी अखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, थंडी ओसरायला लागली की छाटा. बुडापासून तीन-चार चांगल्या काड्या निवडा, त्या मांडवाच्या तारेपर्यंत राहू द्या, त्यांच्यावरचा बाजूचा फुटवा दोन-तीन डोळ्यांवर आणा आणि बाकीचा गुंता काढून टाका. द्राक्षाच्या एप्रिलमधल्या खरड छाटणीइतकं निर्दयी व्हायची गरज नाही, पण हातही आखडता घेऊ नका. छाटल्यावर आठ-दहा दिवस पाणी अगदी बेताचं. नवीन फूट हातभर झाली की तिच्या पानांच्या बेचक्यात, तणाव्याच्या शेजारी, टोकदार कळ्या दिसायला लागतील.

ऊन किती मिळतं तेही बघा. पाच-सहा तास सरळ ऊन नसेल तर वरचं सगळं करूनही फुलं तुरळकच येतील. फाटकावर शेजारच्या इमारतीची सावली दुपारपर्यंत पडत असेल तर वेल गच्चीच्या कठड्याकडे न्या. जुना वेल उपटून दुसरीकडे लावायच्या फंदात पडू नका. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की तीन-चार डोळ्यांची पेन्सिलीएवढी काडी काढून दोन डोळे मातीत पुरले तरी ती लागते.

नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांसाठी एक सूचना. २०१९ आणि २०२१ च्या पुरात ज्यांच्या अंगणात पाणी साचलं होतं, तिथं वर बसलेला गाळ बारीक आणि चिकट असतो, पाणी खाली उतरू देत नाही. अशा मातीत कृष्णकमळाचं बूड कुजतं. फूटभर उंचीचा गादीवाफा करून त्यावर लावा, किंवा सरळ १६ इंची कुंडीत. कुंडीचा आणखी एक फायदा म्हणजे मुळांना आवर बसतो. जमिनीत हा वेल मुळांवरून धुमारे सोडतो आणि पुढच्या पावसाळ्यात तुळशीवृंदावनाच्या फटीतून डोकं वर काढतो. मुळं थोडी दाटली की वेल फुलायलाही लवकर लागतो.

आता फळ. कौरव-पांडवांचं फूल म्हणून लहानपणी आपण सगळ्यांनीच ते मोजलेलं असतं: भोवतीची निळी-जांभळी झालर म्हणजे शंभर कौरव, मधले पाच पांडव आणि वर तिघं ब्रह्मा-विष्णू-महेश. झालरीचे तंतू मोजून शंभर भरतीलच असं नाही, पण पाच आणि तीनचा हिशेब चोख आहे. पाच म्हणजे पुंकेसर, तीन म्हणजे स्त्रीकेसराची टोकं. सकाळी नुकतं उमललेलं फूल जवळून बघा. पाचही पुंकेसरांच्या पिशव्या खाली तोंड करून असतात आणि तिन्ही टोकं वर ताठ उभी. थोड्या वेळानं ती टोकं हळूहळू बाहेर वळून खाली वाकतात, पुंकेसरांच्या पातळीला येतात. काळा जाडजूड भुंगा, लाकूड पोखरणारा, मध प्यायला झालरीवर उतरला की त्याची पाठ बरोब्बर या दोन्हींना घासते. मधमाशी त्या मानानं लहान पडते. ती बऱ्याचदा पराग घेऊन जाते आणि फुलाला काही देऊन जात नाही.

एवढं सगळं जुळूनही तुमच्या जांभळ्या सुवासिक कृष्णकमळाला फळ धरण्याची शक्यता कमी. शोभेच्या बऱ्याच जातींना स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्या रोपाचा लागतो. आणि आपल्याकडे गल्लीतले सगळे वेल एकाच्याच फांद्यांपासून वाढवलेले असतात, म्हणजे झाड एकच, अंगणं वेगळी. फळच खायचं असेल तर पॅशन फ्रूटची जात आणा. आपल्या देशात हे फळ कुर्ग, निलगिरी, मणिपूर, नागालँड या भागांत जास्त होतं. त्यातला जांभळ्या फळाचा प्रकार थंड डोंगराळ हवेचा. पाचगणी-महाबळेश्वरच्या बाजूला घर असेल तर त्याला लावून बघण्यात अर्थ आहे. सांगली-मिरजेच्या उन्हात पिवळ्या फळाचा प्रकार जास्त तग धरतो, पण तोही स्वतःच्या परागावर फळत नाही, म्हणून बियांपासून वाढवलेली निदान दोन वेगवेगळी रोपं हवीत. त्याचं फूल दुपारी उमलतं, तेव्हा हातानं पराग द्यायला सकाळी सात वाजता ब्रश घेऊन उभं राहण्यात अर्थ नाही. या दोन्हींचा संकर करून बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या कुर्गमधल्या चेट्टळ्ळी केंद्रानं 'कावेरी' ही जात काढलीय, ती मिळाली तर उत्तमच. पानं आणि कच्ची फळं तोंडात घालू नका, मुलांनाही सांगून ठेवा; त्यांत सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. पिकून आपोआप गळलेलं, साल किंचित सुरकुतलेलं फळ खायचं.

कधीतरी पानांवर तांबूस, फांद्या फुटलेल्या काट्यांच्या अळ्या दिसतील. घाबरून फवारा मारू नका. त्या एका नारिंगी फुलपाखराच्या असतात. ते फुलपाखरू संथ उडतं आणि पंखांवर काळे ठिपके असतात. चार पानं खातील, माजलेल्या वेलाला तेवढं परवडतं. काकडीकडे त्या फिरकत नाहीत. रोप अगदीच लहान असेल तर काडीनं उचलून दुसऱ्या मोठ्या वेलावर सोडा.

काकडीचं दुखणं मात्र खरं आहे आणि त्यात त्या व्हिडिओचा वाटा मोठा आहे. नर फुलं खुडा हा सल्ला पॉलिहाऊसच्या बिनबियांच्या काकडीचा आहे. त्या जातींना परागाशिवाय फळ धरतं. उलट पराग पडला तर फळ एका टोकाला फुगतं आणि आत बिया भरतात, म्हणून तिथं नर फूल दिसलं की काढतात. आपल्या उघड्यावरच्या देशी काकडीला नर फुलाशिवाय फळच नाही. ती खुडलीत आणि धरणं थांबलं, हे अगदी सरळ झालं. बियाणं घेताना पाकिटावर पॉलिहाऊस किंवा शेडनेटसाठी असं काही लिहिलंय का ते वाचा. असलं बियाणं महाग असतं आणि अंगणात त्याचा उपयोग नाही.

नर-मादी ओळखणं सोपं. मादी फुलाच्या मागे करंगळीच्या पेराएवढी, बारीक काटेरी लव असलेली इवलीशी काकडी आधीच असते. नर फुलाच्या मागे नुसता बारीक देठ, आणि नरांचे झुबकेच्या झुबके येतात. सुरुवातीचा आठवडा-दहा दिवस बहुतेक नरच फुलं येतात आणि गळतात, तेव्हा जीव खालीवर करायचं कारण नाही. त्यानंतर मादी येते. पण कडक ऊन, लांबलेला दिवस आणि युरियातल्या नत्राचा मारा असेल तर नरांचीच संख्या वाढत राहते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो, त्यात वर युरिया, मग वेल नुसती फुलं गाळत बसतो. म्हणून उन्हाळी काकडी जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंत टोका, म्हणजे मार्चमध्ये फळं सुरू होऊन उन्हाची खरी तलखी सुरू व्हायच्या आत निम्मं पीक हातात येतं. पावसाळी काकडी जून-जुलैमध्ये. टोकल्यापासून साधारण ४० ते ५० दिवसांत पहिला तोडा मिळतो. जात म्हणाल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या हिमांगी आणि फुले शुभांगी आपल्या हवेत चांगल्या चालतात. हिमांगी पांढुरकी, शुभांगी हिरवी. लवकर येणारी पुना खिरा हीसुद्धा घरगुती बागेला सोयीची.

वाकडी काकडी म्हणजे अर्धवट परागीभवन. मादी फुलावर मधमाशी एकदा येऊन भागत नाही. आठ-दहा खेपा झाल्या तर सगळ्या बीजांना पराग मिळतो आणि फळ सरळ भरतं. शहरी भागात तेवढ्या माश्या नसतात, शिवाय आजूबाजूला कुणीतरी सकाळीच औषध मारत असतो. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, तिथल्या लोकांना हा प्रश्न पडत नसेल. आपण सकाळी दहाच्या आत स्वतः माशी व्हायचं. ताजं उमललेलं नर फूल खुडा, पाकळ्या मागे सोलून काढा, मधली पिवळी भुकटी मादी फुलाच्या मध्यभागी तिन्ही बाजूंनी हलकेच टेकवा. एका नरात दोन माद्या होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मागची काकडी गडद होऊन वाढायला लागली की जमलं. पिवळी पडून सुकली की नाही जमलं. वेलाजवळ झेंडू, तुळस, बडीशेप लावलीत तर माश्या आपोआप यायला लागतात. आणि कुठलाही फवारा, अगदी निंबोळी अर्कसुद्धा, सूर्य मावळताना.

कडवटपणाचं मूळ पाण्यात आहे. काकडीच्या वेलात कुकुरबिटासिन नावाचं कडू द्रव्य असतंच. एरवी ते पानादेठांत राहतं, पण वेल तहानला, तापला की फळातही उतरतं, देठाकडे जास्त. देठ कापून घासून फेस काढायची रीत घरोघरी आहे. त्या फेसानं कडूपणा फारसा जात नाही. देठाकडचा बोटभर तुकडा फेकला आणि साल जाड काढली तर जातो. वेलालाच कडू होऊ द्यायचं नसेल तर उन्हाळ्यात रोज सकाळी पाणी, कुंडीत असेल तर दोन वेळा, आणि बुडाशी उसाचं पाचट चार बोटं जाडीचं अंथरा. काकडीची मुळं उथळ असतात, वरच्या वीतभर मातीतच पसरतात. त्यामुळे पाचटाखाली खुरपं चालवायचं नाही. तण हातानं उपटा.

बोअरचं पाणीही तपासा. वाळवा-पलूस-मिरज पट्ट्यात बागायतीमुळे जमिनी खारावल्यात हे आपण ऐकतोच, शहरातल्या बोअरलाही बऱ्याच ठिकाणी क्षार आहेत. कुंडीच्या काठावर पांढरा थर धरतोय का बघा. काकडीला खारं पाणी अजिबात सोसत नाही: पानाच्या कडा आधी करपतात आणि वाढ खुंटते. पिण्याचं नळाचं पाणी उरवून काकडीला द्या, पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी पिंपात साठवा. बोअरचं कृष्णकमळाला, तेही बेतानं.

खत काकडीला सढळ, पण एकदम नको. खड्ड्यात किंवा १५ इंची ग्रो बॅगेत एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट किंवा भाताचं तूस, आणि दोन मुठी निंबोळी पेंड. बी रात्रभर भिजवून बोटाच्या एका पेराइतकं खोल टोका, एका जागी दोन. दोन्ही उगवली तर कमजोर रोप उपटू नका, कात्रीनं कापा, नाहीतर शेजारच्याची मुळं हलतात. चार पानं झाल्यावर दर दहा दिवसांनी पातळ शेणस्लरी किंवा लिटरला २ ग्रॅम एकोणीस एकोणीस एकोणीस हे विरघळणारं खत. फुलं यायला लागली की नत्र कमी करून पालाशाकडे वळायचं.

रोगकिडीत दोन गोष्टींचा इथं वेगळा विचार करावा लागतो, कारण आपला भाग द्राक्षाचा आणि उसाचा आहे. पानावर पांढरी भुकटी, म्हणजे भुरी, दिसली की घरातलं द्राक्षाचं गंधक काढून मारायचा मोह होतो. उन्हाच्या दिवसांत काकडीचं पान गंधकानं भाजतं. ताक किंवा दूध एक भाग आणि पाणी नऊ भाग, असा फवारा सुरुवातीच्या भुरीला पुरतो. पावसाळ्यात पानाच्या शिरांमध्ये पिवळे कोनदार डाग आणि खाली राखाडी बुरशी दिसली तर तो केवडा. खालची पानं काढा, हवा खेळू द्या, पाणी पानांवर पडू देऊ नका, आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम. हे औषध पानाला रोग लागायच्या आधी बसलं तरच कामाचं, डाग पडलेल्या पानाला नाही.

दुसरी गोष्ट उसातल्या तणनाशकाची. टू-फोर-डीची वाफ वाऱ्यावर येते आणि द्राक्ष, काकडी, कृष्णकमळ यांच्या कोवळ्या पानांचा पंखा होतो: शिरा जवळजवळ समांतर, कडा दातेरी, पान पंजासारखं वळलेलं. लोक याला व्हायरस समजून वेल उपटतात. एकाच दिवसात सगळ्या शेंड्यांवर एकदम दिसलं आणि पुढची पानं हळूहळू नीट यायला लागली तर तो व्हायरस नाही. तणनाशकाचा पंप कितीही धुतला तरी बागेसाठी वापरू नका.

फळमाशी कोवळ्या काकडीत अंडी घालते. डंख मारला तिथं डिंकाचा थेंब दिसतो, मग काकडी आतून सडते. क्यू ल्युरचा, म्हणजे नर फळमाशीला ओढणाऱ्या गंधाचा, एक सापळा घराच्या बागेला पुरे. डंखलेली फळं खाली पडू देऊ नका, पिशवीत बांधून उन्हात ठेवा. फळ बोटाएवढं असतानाच कागदाची पिशवी चढवली तर सापळ्याशिवायही भागतं.

आणि आता तुमचा शेवटचा प्रश्न, एकच मांडव चालेल का. नको. सावली आणि गुंता ही कारणं तर आहेतच, कृष्णकमळाचे तणावे काकडीच्या कोवळ्या शेंड्याला विळखा घालून बसतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे काकडीवरचा मोझॅक विषाणू कृष्णकमळाच्या जातकुळीलाही लागतो. काकडी तीन महिन्यांत जाते, पण बारमाही वेल तो रोग वर्षभर सांभाळून ठेवतो आणि मावा ही रस शोषणारी बारीक कीड तो पुढच्या पिकाला आणून देते. मावा सोंड खुपसून क्षणात रोग देऊन निघून जातो, त्यामुळे औषध मारून हा रोग रोखता येत नाही. पानावर हिरव्या-पिवळ्या रंगाची चित्रविचित्र नक्षी आणि पान आकसलेलं दिसलं तर तो वेल काढून जाळा, आणि एकाला वापरलेली कात्री साबणानं धुतल्याशिवाय दुसऱ्याला लावू नका. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमीही दोघांना चालतात, म्हणून काकडी दरवर्षी त्याच खड्ड्यात नको. मधल्या हंगामात तिथं झेंडू लावा.

कृष्णकमळ फाटकावर राहू द्या, तिथं दुपारचं ऊन त्याला सोसतं. काकडीला पूर्वेकडची, सकाळचं ऊन आणि दुपारी थोडी सावली मिळणारी भिंत द्या. तिथं सहा फूट उंचीवर एक आडवी तार आणि तिच्यावरून सुतळी खाली सोडा, एका सुतळीला एक वेल. आडवा मांडव काकडीला लागतच नाही. उभ्या सुतळीवर फळ लोंबतं, सरळ होतं आणि पानाआड लपून पिवळं पडत नाही. तोडा एक दिवसाआड करा. एक काकडी वेलावर जून झाली तर पुढची मादी फुलं कमी होतात.

बियाण्यासाठी मात्र एक काकडी मुद्दाम जून होऊ द्या, पण हंगामाच्या शेवटी आणि जात सुधारित असेल तरच. हायब्रीडचं बी घरी धरू नका. दोडका, कारलं, दुधी शेजारी असले तरी काकडीशी त्यांचा संकर होत नाही, पण शेजाऱ्यांच्या दुसऱ्या जातीच्या काकडीशी होतो. म्हणून ज्या मादी फुलाचं बी ठेवायचं ते आदल्या संध्याकाळी, उमलायच्या आधीच, सुतळीनं हलकं बांधा. त्याच वेलाचं एक नर फूलही तसंच बांधून ठेवा. सकाळी दोन्ही सोडून हातानं पराग द्या आणि मादी फूल परत बांधून टाका. फळ पिवळसर-तांबूस होऊन देठ वाळला की बी काढून दोन दिवस पाण्यात आंबवा, बुडाला बसलेलं तेवढं घ्या आणि सावलीत वाळवा.